हातगाडीची चाकं

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या रेस्टॉरंटांमध्ये एक वस्तू वारंवार टेबलावर येते. वीतभर लांबीची लाकडाची किंवा पत्र्याची हातगाडी. वर पट्ट्यापट्ट्यांचं छत, खाली चाकं, आत दोन छोटे वडापाव आणि वाटीभर चटणी. लोक आधी फोटो काढतात, मग खातात. वस्तू गोड आहे, बनवणाऱ्याचा हात चांगला आहे, वडाही बहुतेक वेळा बरा असतो. मला खटकतात ती चाकं. ती छान फिरतात, पण त्यांना कुठंच जायचं नसतं.

तक्रार किरकोळ वाटेल. पण रस्त्यावरच्या खाण्यातलं डिझाइन आवडणाऱ्या आपल्यासारख्यांचं प्रेम नेमकं कशावर आहे, हे या चाकांपाशी कळतं. कारण खऱ्या गाडीला चाकं का असतात, हा प्रश्न विचारला की उत्तर फक्त वडापावापाशी थांबत नाही.

आधी वडापावाबद्दलच बोलू, कारण कौतुकाला तो पूर्ण पात्र आहे. लादीपाव एकमेकांना चिकटून भाजले जातात. त्यामुळे पावाचा माथा तेवढा खरपूस होतो आणि बाजू मऊ राहतात. पाव मधोमध चिरायचा, पण एक कड जोडलेली ठेवायची. म्हणजे तो पुस्तकासारखा उघडतो आणि वडा मागून निसटत नाही. लसणाची चटणी कोरडी, म्हणून पाव भिजून लिबलिबीत होत नाही. तळलेली मिरची वेगळी दिलेली, म्हणजे तिखटाचा निर्णय प्रत्येक घासाला खाणाऱ्याच्या हातात. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको. एका हातात मावतो, दुसरा हात बॅगेला किंवा लोकलच्या कडीला मोकळा.

वडापावाची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. 'स्टेशनबाहेर' हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. हा पदार्थ स्वयंपाकघरात सुचलेला वाटत नाही. घाईत असलेल्या, खिशात मोजके पैसे असलेल्या, एक हात अडकलेल्या माणसाकडे बघून तो सुचलेला दिसतो.

कटिंगचंही तसंच. अर्ध्या चहाला वेगळं नाव आणि वेगळी किंमत देणं, हा या शहराचा मोठा शोध आहे. अर्धा चहा म्हणजे अर्धे पैसे, आणि अर्धी सुट्टीसुद्धा. दोन मिनिटांत घशाखाली जातो, साहेबाच्या लक्षात यायच्या आत माणूस जागेवर परत. ग्लासच्या उभ्या खाचा दिसायला सुरेख आहेतच, पण त्यांच्यामुळे बोटं गरम काचेला कमी टेकतात आणि ग्लास ओल्या हातातूनही सुटत नाही. बूड जाड असतं, त्यामुळे धुताना आदळआपट झाली तरी टिकतं. तारेच्या जाळीत सहा ग्लास बसतात आणि एका हातानं तीन मजले चढतात.

पाणीपुरीवाल्याकडे तर वस्तू जवळजवळ नाहीतच. तिथं सगळं डिझाइन त्याच्या डोक्यात असतं. सहा-सात जण अर्धवर्तुळात उभे. एकेक पुरी फिरत्या क्रमानं प्रत्येकाच्या द्रोणात पडते. एकाला तिखट, एकाला मध्यम, एकीला कांदा नको, एकीला गोड पाणी जास्त. कुणाच्या किती झाल्या हेही त्याला पाठ. आम्ही प्रोग्रामर याला राऊंड रॉबिन म्हणतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची अशी वेगळी नोंद ठेवायला सर्व्हर लावतो. तो हे सगळं पुरीला अंगठ्यानं भोक पाडता पाडता करतो, आणि शेवटी कोरडी पुरी द्यायला विसरत नाही.

खाणाऱ्यांकडेही जरा बघा. शहराची फॅशन म्हणून आपण कपडे बघतो. मला कपड्यांपेक्षा ते सांभाळण्याच्या तऱ्हा जास्त बघाव्याशा वाटतात. टाय खांद्यावरून मागे टाकलेला. ओढणीची दोन्ही टोकं पाठीमागे गाठ मारलेली. सॅक पाठीवरून पोटावर घेतलेली, आणि तिच्यावरच डबा ठेवायची सोय झालेली. शर्टाची बाही दोन घड्या वर. कमरेतून पुढे झुकून, कोपर बाहेर काढून उभं राहायचं, म्हणजे रगडा पडला तर रस्त्यावर पडेल, इस्त्रीवर नाही. हे वाकणं कुणी शिकवत नाही, तरी सीएसएमटीबाहेर संध्याकाळी पन्नास माणसं एकाच कोनात वाकलेली दिसतात. या शहराचा गणवेश म्हणावा तर तो हाच.

आता चाकांकडे येऊ. या सगळ्याला आपण हल्ली 'मिनिमल' म्हणतो. एकही वस्तू जास्तीची नाही, सगळं घडी होतं, सगळं एका हातानं उचलता येतं. शब्द बरोबर आहे, पण त्यामागचं कारण आपण गृहीत धरतो तितकं निरागस नाही. गाडीवर वस्तू कमी असतात, कारण त्या केव्हाही उचलाव्या लागतात. पथारीवाल्याच्या प्लॅस्टिकच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या असतात. ओढल्या की दुकानाचं गाठोडं होतं. कढई, झारा, परात, पावांच्या लाद्या, सिलिंडर यांच्या जागा ठरलेल्या असतात. नाक्यावरून कुणीतरी 'गाडी आली' म्हणून ओरडतो. ती पालिकेची. मग ही गाडी हलते. कढईत घाणा असला तरी हलते.

म्हणजे ज्या नेमकेपणावर आपण खूश असतो, त्याचा बराच भाग असुरक्षिततेनं घडवलेला आहे. एका बाजूला खाणाऱ्याकडे वेळ नाही, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्याकडे जागा नाही. या दोन टंचायांच्या मध्ये दाबून दाबून ही सुबक वस्तू तयार झाली. चाकं त्या दुसऱ्या टंचाईची खूण आहेत. रेस्टॉरंटच्या टेबलावर ती येतात तेव्हा आकार तेवढा येतो, कारण मात्र दाराबाहेर राहतं. आतला वडापाव बाहेरच्या दसपट महाग असू शकतो, आणि त्याची गाडी कुणी उचलून नेणार नसतं.

तुलनेला इराणी घ्या. तोही शहरातल्या स्वस्त खाण्याचाच प्रकार, पण त्याची रचना वजनदार आहे. संगमरवरी टेबलं, भिंतीभर आरसे, उंच छत, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सगळं दुकान दिसेल अशी मांडणी. त्याची ती प्रसिद्ध वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मुळात प्रवासासाठीच रचलेली होती. मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये आणलेल्या चौदा नंबरच्या खुर्चीचे सहा तुकडे होत, आणि एक घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून मावत. तिच्या घराण्यातल्या खुर्च्या सुट्या होऊन जहाजांतून जगभर गेल्या. मुंबईतल्या कयानीत (१९०४) किंवा पुण्यातल्या गुडलकमध्ये (१९३५) अशी जी दुकानं आली, ती तिथंच राहिली. कारण इराण्याकडे गाळा होता. गाळा होता म्हणून संगमरवर आला, आणि संगमरवर होता म्हणून एका बनमस्क्यावर तासभर पेपर वाचत बसणारं गिऱ्हाईकही आलं. त्या बसण्यातून गप्पा झाल्या, कविता झाल्या, पक्ष निघाले आणि फुटले. हातगाडीपुढे हे होत नाही. तिथली माणसं रसिकतेत कमी पडत नाहीत. तिथं टेकायला काही नसतं.

म्हणूनच इराण्याची नक्कल सोपी जाते. त्याचं फर्निचर आहे, टाइल्स आहेत, 'हे करू नका, ते करू नका' असे फलक आहेत. २०१० मध्ये लंडनला सुरू झालेल्या 'डिशूम'नं हे सगळं अभ्यास करून, मन लावून उभं केलं. इथले खरे इराणी एकामागून एक बंद होत असताना निदान त्यांचं रूप कुठंतरी जपलं गेलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. तासभर बसण्याची ती मुभा मात्र टेबलासाठी रांग लावणाऱ्या कुठल्याही जागेला परवडत नाही. रूप उचलता येतं, सवड उचलता येत नाही. हातगाडीच्या बाबतीत तर उचलायला रूपही फारसं नाही. म्हणून तिचं खेळणं होतं.

या विषयाकडे डिझाइनरच्या डोळ्यांनी बघूनही खेळणं न करणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. अरुण कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि जाहिरातींच्या जगात आर्ट डायरेक्टर म्हणून त्यांनी नाव कमावलं. अक्षर, जागा, रंग, रिकामपण हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा होता. २००४ मध्ये आलेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात 'ब्रेकफास्ट टाइम अॅट काळा घोडा' ही दीर्घ कविता आहे. काळा घोडा भागात सकाळी इडल्या घेऊन एक बाई येते, भोवती गर्दी जमते, लोक खातात, आणि थोड्याच वेळात सगळं विरून जातं.

ही कविता मला समीक्षेचा वस्तुपाठ वाटते. कोलटकर इडलीवर खूश आहेत, अगदी मनापासून. पण त्यांची नजर इडलीवरून खाणाऱ्यांकडे वळते आणि तिथंच रेंगाळते. फुटपाथवर राहणारे, ज्यांना कुठल्याही हॉटेलात आत घेणार नाहीत, असे लोक तिथं जेवायला बसल्यासारखे गोळा होतात. कोलटकर त्यांची गंमत करतात, पण त्यांना शोभेच्या वस्तू करत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, ते हॉटेल नाहीसं होतं, हे ते सांगून टाकतात. गायब होणं हा त्या नाश्त्याच्या रचनेचाच भाग आहे. समोर 'वेसाइड इन'मध्ये खिडकीशी बसून हे बघणाऱ्याला टेबल-खुर्ची होती. रस्त्यावर खाणाऱ्यांना नव्हती. हे अंतर कवितेत लपवलेलं नाही, म्हणून तिच्यातला आनंद खरा वाटतो. पुढे 'वेसाइड इन'ही बंद झालं, ही गोष्ट वेगळी.

आपल्या कौतुकात हे अंतर सहसा लपलेलं असतं. उदाहरणार्थ वर्तमानपत्राचा कागद. भज्यांखालच्या त्या कागदावर, त्यावर उमटलेल्या तेलाच्या नकाशावर किती रील्स आल्या असतील! पण छपाईची शाई पोटात जाणं चांगलं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआय २०१६ पासून हे सांगत आलं आहे, आणि २०१८ च्या नियमांनी तर अन्न वर्तमानपत्रात बांधायला बंदीच केली. तो कागद सुंदर होता. तरी गेला पाहिजे. तसंच विकणाऱ्याचं शरीर. गाडीची उंची, कढईची जागा, हात पोचेल असं सगळं अंतर गिऱ्हाइकाला पटापट देता यावं म्हणून ठरलेलं आहे. दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या गुडघ्यांसाठी त्यात काहीच नाही. इडलीचं पातेलं घेऊन बसणाऱ्या बाईला दिवसभरात स्वच्छतागृह कुठं मिळतं, हा प्रश्न फोटोत मावत नाही. जे डिझाइन गिऱ्हाइकासाठी दहापैकी दहा आहे, ते विकणाऱ्यासाठी दहापैकी तीनही असू शकतं. समीक्षा करायची तर दोन्ही गुण मांडले पाहिजेत.

कायद्याच्या कागदावरही याचं डिझाइन झालेलं आहे, ते आपण वाचत नाही इतकंच. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या फेरीवाल्यांसाठी अटी घालून दिल्या. फेरीवाल्याची जागा एक मीटर बाय एक मीटर. हातगाडी वापरायची नाही. रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत विकायचं नाही. तिसरी अट पुन्हा वाचा आणि वडापावाचा जन्म कुठं झाला ते आठवा. गर्दी होते हे खरं, चालायला वाट हवी हेही खरं. स्टेशनबाहेर चेंगरत चालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण ज्या माणसाला बघून हा पदार्थ सुचला, तो माणूस स्टेशनबाहेरच असतो.

मग २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा आला. आधी सर्वेक्षण करा, विक्रेत्यांना प्रमाणपत्रं द्या, तोवर कुणाला हटवू नका, आणि जागा ठरवणाऱ्या समितीत विक्रेत्यांचेही प्रतिनिधी घ्या, असं तो सांगतो. कागदावर हे चांगलं आहे. 'गाडी आली'ची आरोळी मात्र अजून थांबलेली नाही.

डिझाइन आवडणाऱ्या माणसासाठी खरं काम इथं पडलेलं आहे. एक चौरस मीटर जागा. तिच्यात गरम तेल, गर्दी, पाऊस. जवळ नळ हवा, सांडपाण्याला जाळी हवी, रात्री दिवा हवा, चालत जाण्याच्या अंतरावर बाईमाणसाला स्वच्छतागृह हवं, आणि शेजारून व्हीलचेअर जाईल एवढी वाट मोकळी हवी. हे नीट सोडवणं वीतभर गाडी बनवण्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचे फोटो फारसे चांगले येणार नाहीत.

तोवर वडापाव खावाच. उभ्यानं, पुढे झुकून, टाय मागे टाकून. फक्त मिरचीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकताना एकदा खाली बघावं. बऱ्याच गाड्यांच्या एका चाकाला विटेचा तुकडा लावलेला असतो, गाडी हलू नये म्हणून. तो तुकडा लावणाऱ्याला कुठं जायची हौस नसते.