जुन्या गोव्याची ख्रिस्तमंदिरे : वारसा आणि उपासना

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा आठवडा जागतिक वारसा सप्ताह म्हणून पाळला जातो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाचा नोव्हेना २४ नोव्हेंबरला आरंभ पावतो. म्हणजे दोन दिवस जुन्या गोव्याच्या एकाच परिसरात दोन पंचांगे चालू असतात. एका पंचांगाने आलेला मनुष्य वास्तू पाहावयास येतो, दुसऱ्याने आलेला गुडघे टेकावयास. १९८६ साली गोव्याची चर्चे व मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून पहिल्या प्रकारच्या पाहुण्यांचे प्रमाण ठळकपणे जाणवू लागले आहे. त्यांना मार्गदर्शक जे सांगतात, त्याचे परीक्षण करण्याचा येथे हेतू आहे; कारण आपले श्रद्धावंतही तेच ऐकून घरी परततात.

ऑगस्टीनियन मठाच्या भग्न मंदिराचे उदाहरण घेऊ. मनोऱ्याचा उरलेला भाग सुमारे ४६ मीटर उंच आहे, बांधकाम १६०२ साली पूर्ण झाले, एवढे हमखास सांगितले जाते. हे मंदिर का पडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्याला ना शत्रूने पाडले, ना भूकंपाने. पोर्तुगीज शासनाने धर्मसंघ बरखास्त केल्यामुळे १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला. येथील घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. प्रहराप्रहराची स्तोत्रप्रार्थना थांबली आणि सात वर्षांत छत खाली आले. मंदिराला उभे ठेवणारी गोष्ट चुन्याहून निराळी असते, हा धडा येथे दगडांनीच दिला आहे. उंचीचे आकडे तो देऊ शकत नाहीत.

परंतु संशोधकांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जॉर्जियाची राणी केतेवान हिने ख्रिस्तावरील श्रद्धा सोडण्याचे नाकारले म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हौतात्म्य आले. ऑगस्टीनियन संन्याशांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारे भारतीय पुरातत्त्व खात्याने या भग्नावशेषांत त्यांचा शोध घेतला, २०१३ मध्ये जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांतील काही अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले. संन्याशांच्या भक्तीने नोंद ठेवली, शास्त्राने ती वाचली. उपासना आणि वारसा हे परस्परांचे वैरी आहेत, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे.

मग दोष कोठे आहे? तो दोन मौनांत आहे.

पहिले मौन आपल्या बाजूचे. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड सोडता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन चालले. सोनेरी वेदीचे वर्णन करताना आपले लोक हा विषय टाळतात. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. त्यानंतर या मौनाला ईशज्ञानाचा आधार उरलेला नाही. हिंदू शेजाऱ्यासमवेत त्या मंदिरात उभे राहणाऱ्या धर्मशिक्षकाने हे सत्य आधी स्वतःच्या तोंडाने सांगावे.

दुसरे मौन मार्गदर्शकांचे. हे सारे परदेशातून आयात झालेले वैभव आहे, असा ग्रह ते पाहुण्याच्या मनात ठेवून देतात. परंतु १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि १६१६ मध्ये राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ज्या काळात हे दगड रचले जात होते, त्याच काळात आपल्या भाषेत शुभवर्तमान रचले जात होते. मराठी भाविकाला जुन्या गोव्यात परका पाहुणा करून सोडणारे वर्णन अपुरे आहे.

संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मंदिराला लागून असलेल्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. मंदिरात नित्य उपासना होत नाही. रस्त्यापलीकडे बॉम जेझूमध्ये मिस्सा होते आणि पर्यटकांची रांगही चालते. पहिल्या ठिकाणी शांतता आहे, दुसऱ्या ठिकाणी गोंगाट. तरीही दुसरी स्थिती श्रेयस्कर, असे माझे मत आहे. वेदीवर भाकर मोडली जात असताना कुतूहलाने आत आलेला मनुष्य निदान एवढे पाहतो की, या घरात कोणी राहते.

यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे उचलून उभे केले, ते मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा म्हणून. धोंड्याचे काम प्रश्न जागवणे. उत्तर देण्याचे काम वडीलधाऱ्यांचे. आज उत्तर देण्याचे काम आपण पगारी मार्गदर्शकावर सोपवले आहे. तो आपले काम प्रामाणिकपणे करतो. आपले काम त्याच्याकडून होणार नाही.

म्हणून परदेशीपुऱ्यातून असो वा माळव्यातील अन्य धर्मग्रामातून, यात्रा नेणाऱ्या धर्मबंधूंना एक सूचना. प्रारंभ से कॅथीड्रलमधील बाप्तिस्माकुंडापासून करावा; संत झेवियर यांनी तो वापरला अशी परंपरा आहे. तेथे प्रत्येकाने आपल्या बाप्तिस्म्याचे स्मरण करावे. नंतर वेदी, नंतर जमिनीतील थडगी, आणि शेवटी ऑगस्टीनियन मनोरा. जन्म, भोजन, मरण व पुनरुत्थानाची आशा हा क्रम मंदिराने स्वतःच आखून ठेवला आहे. सन, उंची आणि शैली यांची माहिती त्या क्रमात आपोआप आपापल्या जागी बसेल. मनोऱ्यापाशी मात्र पाच मिनिटे कोणी काही बोलू नये. प्रार्थना थांबलेल्या घराचे काय होते, हे तेथे ज्याचे त्याने पाहावे आणि आपल्या गावच्या लहानशा ख्रिस्तमंदिराचा विचार करावा.