‘कोसला’ : विद्यार्थ्याच्या ताणाचा हिशेब

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार आज प्रामुख्याने मानसशास्त्राच्या परिभाषेत होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या व त्यांत महाराष्ट्राचा (१,७६४) क्रमांक पहिला होता. या विचाराची निकड त्यामुळे नाकारता येत नाही. तथापि ताण विद्यार्थ्याच्या आयुष्यात कोणत्या वाटेने शिरतो, याचे तपशील प्रश्नावलीत क्वचितच उमटतात. मराठीत हे तपशील भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहेत.

‘कोसला’ची चर्चा बहुतांशी अस्तित्ववाद, परात्मता, सॅलिंजरशी असलेले साम्य या अंगांनी झाली. ती निष्फळ नव्हती. पण पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात आलेला विद्यार्थी आहे, ही साधी गोष्ट तिने दुय्यम ठरवली. त्याच्या अस्वस्थतेचे मूळ तत्त्वज्ञानात शोधण्यापूर्वी घरून येणाऱ्या पैशात शोधावे लागते. शिक्षणाचा खर्च वडील करतात. मेस, स्नेहसंमेलन, मित्रमंडळी यांत मुलाचा वेळ आणि पैसा जातो, परीक्षा बिघडतात आणि बापलेकांतील प्रत्येक बोलणे अखेर हिशेबावर येऊन थांबते. पैसा मिळत नाही याहीपेक्षा तो मिळतो आणि त्याची परतफेड निकालाने करता येत नाही, ही बोच अधिक खोल आहे.

हा ताण थेट बोलत नाही, हे कादंबरीचे मोठे निरीक्षण होय. पांडुरंग थट्टा करतो. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या शब्दांची त्याची सवय समीक्षकांनी शैलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवली आहे. परंतु भावना जवळ येताच वाक्य ‘वगैरे’ने मिटवून टाकणे ही एक बचावाची रीतही आहे. वर्गात सतत विनोद करणारा मुलगा मजेत आहे, असा समज प्राध्यापकवर्गात सहज रूढ असतो. (प्रश्नावलीतही तो ‘ताण नाही’ यावरच खूण करील.) धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा मात्र ही उपहासाची ढाल टिकत नाही. त्या दुःखाला वसतिगृहाच्या दिनक्रमात जागाच नाही.

कोल्हापूर परिसरातील वाचकाला येथे आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) आठवणे स्वाभाविक आहे. कागलच्या आंद्याचे हाल पांडुरंगपेक्षा कितीतरी अधिक आहेत; पण त्याचा विरोधक समोर उभा आहे. शाळेला आडवा येणारा बाप आणि राबवून घेणारी शेती यांच्याशी झगडताना त्याच्या कष्टांना दिशा मिळते. पांडुरंगला भांडायला असा कोणी नाही. खेड्यातील मुलगा शिकला की प्रश्न सुटला, ही धारणा ‘झोंबी’च्या वाचनातून दृढ होते, तर ‘कोसला’ तिच्यापुढचा प्रश्न विचारते.

या प्रश्नाचा भौतिक भाग कोल्हापुरात फार लवकर ओळखला गेला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची परंपरा सुरू केली, ती शिक्षण म्हणजे आधी राहण्याजेवण्याची सोय, हे जाणून. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर येथील मुलांना पदव्युत्तर शिक्षणासाठी पुणे-मुंबई गाठण्याची गरज कमी झाली आणि ‘कमवा व शिका’ योजनेने अनेकांना घरच्या पैशाच्या ओझ्यातून काही प्रमाणात मोकळे केले. समुपदेशन कक्षाची चर्चा करताना खानावळीचे बिल आणि खोलीचे भाडे हे विषय प्रशासनाचे समजून बाजूला ठेवले जातात, हे या परंपरेला सोडून आहे.

‘कोसला’ची मर्यादाही येथेच दिसते. विद्यार्थिनीचा ताण तिच्या कक्षेत जवळजवळ येत नाही. शिवाय पदवी न मिळवता पांडुरंग सांगवीला परतू शकतो, कारण तेथे वडिलांचे घर आणि शेती आहे. शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या भूमिहीन कुटुंबातील मुलाला नापास झाल्यावर परतण्यासाठी अशी सांगवी नसते. त्याची कादंबरी ‘कोसला’च्या चौकटीत मावणारी नाही.