पाटी कुणासाठी, खुर्ची कुणासाठी

बेळगावात पाटी म्हटलं की आधी भाषा आठवते. अक्षराचा विचार नंतर, बहुतेक वेळा नाहीच. २०२४ च्या दुरुस्तीनं फलकावरची ६० टक्के जागा कन्नडला, तीही वरच्या बाजूला, असं ठरवून दिलं. त्यावर हिरिरीनं बोलणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत. मला विचारायचंय ते एवढंच, की कायदा जागा मोजतो, पण वाचता येतं का हे कोण बघतो?

कन्नड अक्षराला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही, अंग गोल, आणि जोडाक्षरातला दुसरा भाग, म्हणजे ओत्तक्षर, खाली लोंबतो. देवनागरीला वर रेघ, रेघेवर वेलांटी नि अनुस्वार. दोन ओळी घट्ट बसवल्या की वरचीचं ओत्तक्षर खालचीच्या वेलांटीत घुसतं. जुन्या पेंटरच्या हाताला हे ठाऊक होतं. तो आधी रेघा आखून घ्यायचा. फ्लेक्सवाला अक्षरं रबरासारखी ताणतो, झालं काम! गंमत बघा, विंडोजमधला देवनागरीचा 'मंगल' आणि कन्नडचा 'तुंगा' हे दोन्ही फाँट र. कृ. जोशी यांच्याच देखरेखीखाली झाले. एका मराठी माणसाच्या हाताखाली दोन्ही लिप्या सुखानं नांदल्या, आमच्या गल्लीतल्या फ्लेक्सवर मात्र त्यांचं भांडण.

आतल्या पाट्यांची तऱ्हा आणखी वाईट. इथल्या मोठ्या दवाखान्यांत चंदगड, गडहिंग्लजकडून माणसं येतात. आत शिरावं तर गुळगुळीत ग्रॅनाइटवर चकचकीत स्टीलची अक्षरं, वरून ट्यूबलाइटचा उजेड. भाषा कुठलीही असो, दिसत काहीच नाही. म्हातारी शेवटी वॉचमनलाच विचारते. वॉचमन हीच तिथली खरी पाटी. त्यापेक्षा रेल्वेचा पिवळ्यावर काळा फलक किती शहाणा! हिंदीच्या नावानं का होईना, देवनागरीही मिळते, आणि लांबून वाचता येते.

आता बसण्याचं. निपाणीच्या तंबाखूच्या पेढीवर गादी-लोड असायचे, मुनीमजींचं उतरतं मेज मांडी घातलेल्या माणसाच्या मापाचं. पण जुन्याचे गोडवे बेतानंच गावेत. विड्या वळणाऱ्या बाया तासन् तास भुईवरच बसल्या. मांडीवरचं सूप हेच त्यांचं टेबल. त्यांची कंबर कुणी विचारात घेतली? पेढीनं मालकाचं माप घेतलं, बाईचं नाही. आजची इमारतही तेच करते, फक्त वस्तू बदलली.

भोकाभोकाची तीनजणी स्टीलची खुर्ची बघा. धुवायला सोपी, चोरायला अवघड, म्हणून ती सगळीकडे. पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीच्या बैठकीवर ठेंगण्या बाईचे पाय अधांतरी राहतात, आणि मध्ये हात असल्यामुळं झोपलेलं पोर आडवं करता येत नाही. कॉलेजांत लिहायच्या फळीची खुर्ची, फळी उजवीकडेच. डावखुऱ्यानं काय करावं? सभागृहातल्या भाषणाच्या उंच स्टँडमागं तर प्राध्यापिकाबाईंचं कपाळच तेवढं दिसतं. आवाज येतो, वक्ता येत नाही.

माप नाही म्हणावं तर तेही नाही. अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७ मध्येच देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं. त्यात बायकांची मापंही आहेत. शिवाय आपल्याकडे माणसांची मिसळ मोठी. निपाणी कर्नाटकात, तिचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. अशा गावात एकाच बाकावर दोन लिप्या शिकलेली पोरं शेजारी बसतात. वाटेची खूण दोघांना कळेल अशी करायची तर बाण, रंग, मोठा आकडा यांचा आधार घ्यावाच लागेल.

आणि हे करायला कारागीर लांबून आणायला नकोत. फौंड्रीचं गाव आमचं; उद्यमबागेत लेथ, पत्रा, वेल्डिंग सगळं आहे. बैठक पाच सेंटीमीटर खाली घ्या, मधला हात काढा, असं सांगितलं तर तो पोरगा आठ दिवसांत करून देईल. पण खरेदी समिती कॅटलॉग उघडते, त्यातला फोटो दाखवते आणि दीडशे नग सांगते.