पांढरा वाघ आणि वाटीभर तांदूळ

मे महिन्यात भर दुपारी कोराडीच्या देवळातून बाहेर पडावं, म्हणजे ताप या शब्दाचा अर्थ तळपायातून कळतो. वीज केंद्राची धुराडी उन्हात थरथरताना दिसतात, पारा 45च्या आसपास असतो, घरोघरी पन्हं आणि खिशात कांदा. अशाच दिवसांत ‘बाइहू तांग’ या चिनी काढ्याची कृती माझ्या वाचनात आली, आणि औषधाची कृतीही कवितेसारखी रस घेत वाचता येते हे उमगलं.

बाइहू म्हणजे पांढरा वाघ, तांग म्हणजे काढा. इसवी सन 200च्या सुमारास जांग जोंगजिंग या वैद्याने ‘शांगहान लून’ या ज्वरावरच्या ग्रंथात तो दिला. पदार्थ चारच. शिगाओ म्हणजे जिप्समचा दगड 16 लियांग (जुनं चिनी वजन), झिमू नावाच्या वनस्पतीचा कंद 6, भाजलेलं ज्येष्ठमध 2 आणि लहान वाटीभर तांदूळ. फणफणून ताप, घामाच्या धारा, न शमणारी तहान आणि उसळणारी नाडी, अशा रोग्यासाठी.

वाघ इथे आग विझवायला येतो, हे आधी खटकतं. पण चिनी कल्पनेत पांढरा वाघ पश्चिम दिशेचा राखणदार आहे आणि शरद ऋतू त्याचा. तो आला की उन्हाळा मागे हटतो. आपल्याकडे शरदातच ऑक्टोबरचं ऊन चटके देतं, त्यामुळे ही प्रतिमा आपल्या हवेत रुजणार नाही. पण गावाची राखण करणारा वाघोबा ज्यांनी पुजला आहे, त्यांना या वाघाची भीती वाटणार नाही.

जिप्सम तर घरचंच. ते तापवून त्यातलं बरंच पाणी उडवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, ज्याने मोडलेलं हाड बांधतात. आपले वैद्य त्याला गोदंती म्हणतात, गाईच्या दातासारखा दिसणारा दगड. कोरफडीच्या रसात घोटून, पुट देऊन ते त्याचं भस्म करतात आणि ताप, डोकेदुखीवर देतात. चिनी वैद्य मात्र तापावर दगड कच्चाच कुटून उकळतो. भाजलेला ठेवतो जखमेवर भुरभुरायला. जांग शीचुन (1860–1933) या वैद्यांनी तर भाजलेलं जिप्सम पोटात देऊ नका, असं कळकळीने बजावलं. कच्च्या जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असतं. जोंगजिंगला हे रसायन ठाऊक असणं शक्य नाही, तरी गारव्यासाठी निवडलेल्या या दगडाच्या पोटात खरंच पाणी निघावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या कृतीचं मर्म तांदळात आहे. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. जोंगजिंगच्या, म्हणजे हान राजवटीच्या काळचे 16 लियांग म्हणजे आजचे पावशेराच्या आसपास, आणि पाणी दोनेक लिटर. म्हणजे बहुतेक दगड तळाशीच राहणार. या काढ्याच्या गुणावर शंका घेणाऱ्यांचं बोट इथेच असतं, आणि ते रास्त आहे. तांदळाच्या पेजेत दगडाची बारीक पूड तरंगत राहते, असं त्याचे समर्थक सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती कृतीची शेवटची खूण: भात शिजला की काढा झाला. घड्याळ नसलेल्या चुलीपाशी, घाबरलेल्या घरात, कुणालाही कळेल असं हे माप आहे. दगडाच्या थंडपणाने पोट बिघडू नये म्हणून आजाऱ्याच्या तोंडी पेज, आणि तीच पेज वेळही सांगते. एका पदार्थाला इतकी कामं देणारा लेखक थोर आहे.

त्याचा संयमही पाहावा. रोग अजून अंगाच्या वरच्या थरात असेल तर हा काढा देऊ नका, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

म्हणून ही कृती प्रथमोपचार न समजता पावसाळ्यात, निवांत वाचावी. कोराडीच्या उन्हात कुणी भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.