मध्ये धरायला काय होतं?

गेल्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका धरणावर मी माझी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन केली. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. मधल्या बूट-हेल्मेटच्या धांदलीतही घड्याळ चालूच असतं. मला १ तास ५७ मिनिटं लागली. त्याच रात्री मी इन्स्टावर 'रेस रिपोर्ट' टाकला. लाइक बरे आले, ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी आले.

हा लेख त्या रिपोर्टची समीक्षा आहे. आपल्याच मजकुराची समीक्षा करणं जरा विचित्र आहे, पण तो रिपोर्ट वाईट होता आणि तो एकटाच तसा नाही. तो वाईट का आहे हे मला आईमुळे कळलं. आई पालीला राहते. तिने तो मावशीने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वाचला आणि फोन केला.

"साडेसातशे मीटर म्हणजे किती गं?"

"मी शिकले त्या पूलच्या तीस फेऱ्या."

"आणि मध्ये धरायला काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही गं, पोहायचंच असतं." हे खोटं होतं.

आईच्या प्रश्नामागे एक नदी आहे. पाली म्हटलं की लोकांना अष्टविनायकातला बल्लाळेश्वर आठवतो, मागचा सरसगड आठवतो. आमच्या घरात मात्र पावसाळा अंबा नदीच्या नावाने मोजला जायचा. पुलावर पाणी आलं की शाळा, एसटी, दूध सगळं थांबायचं. आईचं माहेर जांभूळपाड्याचं, याच नदीच्या वरच्या अंगाला. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने ते गाव एका रात्रीत धुऊन नेलं. आई तेव्हा एकवीस वर्षांची होती. त्या रात्रीबद्दल ती बोलत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की ती एका घराच्या वाशाला धरून होती.

त्यामुळे मी वाढले ती पाण्याला पाठ करून. नदी नको, तलाव नको, विहिरीच्या काठावर वाकायचं नाही. परवानगी होती ती फक्त उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांची, तीही काठावर बसून. पोहायला मी शिकले वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पुण्यात, पहाटे साडेपाचच्या बॅचला, सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर.

आता रिपोर्ट. त्यातलं पोहण्याबद्दलचं सगळं लिखाण दोन वाक्यांचं आहे: "पाण्याने परीक्षा घेतली, पण मन खंबीर होतं. शरीर थकतं, मन नाही!" पुढे सायकलबद्दल एक परिच्छेद, धावण्याबद्दल एक, आणि शेवटी "भीती फक्त डोक्यात असते".

प्रत्यक्षात काय झालं ते असं. भोंगा वाजला आणि शंभरेक माणसं एकदम पाण्यात उतरली. पूलमध्ये तळाला काळी रेघ असते. धरणात खाली काहीच दिसत नाही, फक्त हिरवट काळोख. पहिल्या बोयापर्यंत ठीक होतं. मग कुणाचा तरी हात चष्म्यावर बसला, डाव्या डोळ्यात पाणी शिरलं आणि श्वासाची लय गेली. श्वास आत येत होता, पण बाहेर जात नव्हता. जवळच्या कायकवर नारंगी जॅकेट घातलेला एक मुलगा होता. मी हात वर केला. तो आला आणि म्हणाला, "ताई, धरा. घाई नाही." मी कायकचं टोक धरून राहिले. दीड मिनिट असेल किंवा दोन. मग पुढे पोहले.

यात नियमभंग काहीच नाही. ट्रायथलॉनमध्ये दमलेल्या माणसाला बोया किंवा थांबलेली होडी धरून विसावा घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. म्हणजे धरण्याची सोय नियमपुस्तकातच आहे. ती माझ्या रिपोर्टमध्ये नव्हती. का नव्हती, हा खरा समीक्षेचा प्रश्न.

एक कारण भाषेचं आहे. मी नंतर मराठीतले बरेच रेस रिपोर्ट वाचले: ब्लॉगवरचे, फेसबुकवरचे, पेपरातल्या पुरवण्यांतले. शब्द तेच ते सापडतात. मोहीम, झुंज, जिद्द, सर केली, फत्ते. ही भाषा आपल्याला किल्ल्यांवरून मिळाली आहे आणि ती आपण जशीच्या तशी सायकलच्या हँडलला बांधली आहे. किल्ल्यांच्या बाबतीतही ती पूर्ण खरी नव्हतीच. लहानपणी आम्हीही 'सरसगड सर केला' म्हणायचो. पण सरसगडावर माणूस चढतो तो कातळात कोरलेल्या उंच पायऱ्यांवरून. त्या कुणीतरी छिन्नीने एकेक करून कोरल्या. त्यांच्याशिवाय आमचं 'सर करणं' पायथ्याशीच संपलं असतं. 'सर केला' म्हटलं की पायऱ्या वाक्यातून बाहेर पडतात.

दुसरं कारण, स्प्रिंटला स्वतःची भाषाच नाही. ती थोरल्या भावाचे कपडे घालते. थोरला भाऊ म्हणजे आयर्नमॅन: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणं. पहिली अशी स्पर्धा १९७८ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर झाली. सुरुवात १५ पुरुषांनी केली, पूर्ण १२ जणांनी केली. त्या ब्रँडचं घोषवाक्य आज 'काहीही शक्य आहे' असं आहे. मराठी बातम्यांत त्याचा 'लोहपुरुष' झाला. पोलाद, लोखंड, पुरुष. २०१९ पासून गोव्यात त्याची निम्म्या अंतराची स्पर्धा होऊ लागली आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची रीघ लागली. मग आमच्यासारख्या दोन तासांच्या खेळाडूंनीही तोच आवाज काढायला सुरुवात केली. दोन तासांत माणूस लोखंडाचा होत नाही. ओल्या पायांत मोजे कसे चढवायचे आणि सायकलवरून उतरल्यावर पहिलं किलोमीटर पाय परक्याचे का वाटतात, एवढं शिकतो. ते लिहिण्यासारखं आहे, पण लोखंडाच्या भाषेत ते मावत नाही.

आईचा प्रश्न मी मग इतरांच्या मजकुरालाही विचारून पाहिला.

मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये झुरिकला आयर्नमॅन पूर्ण केली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तेव्हाच्या बातम्यांत सगळा भर वयावर आणि इच्छाशक्तीवर होता. मी कॉलेजात होते, मलाही तेच लक्षात राहिलं: मनात आणलं की होतं. त्यांचं २०२० मधलं आत्मचरित्र, 'मेड इन इंडिया', वाचलं तेव्हा गोष्ट वेगळी निघाली. शिवाजी पार्कजवळचा पोहण्याचा तलाव, लहानपणापासूनचा रोजचा सराव, राष्ट्रीय पातळीवरची जलतरणातली पदकं. म्हणजे धरायला एक अख्खं बालपण होतं. याने त्यांची कामगिरी लहान होत नाही. उलट ती समजते. पुस्तकाने जे सांगितलं ते बातम्यांनी गाळलं, कारण तलाव हेडलाइनमध्ये बसत नाही आणि 'जिद्द' बसते.

हारुकी मुराकामींचं धावण्यावरचं पुस्तक, 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग', आमच्या पिढीच्या धावणाऱ्यांची पोथी आहे. मूळ जपानी २००७ चं, इंग्रजी २००८ चं. त्यातली एकांतावरची, लेखन आणि धावणं यांच्या नात्यावरची पानं लोक स्टोरीला लावतात. मला ती आता थोडी गुळगुळीत वाटतात. वेळ स्वतःच्या ताब्यात असलेल्या माणसाला दिनक्रमाचं तत्त्वज्ञान सोपं जातं. वाट पाहणारी बायको त्यात येते, पण कडेकडेने.

पण याच पुस्तकात एक घाबरलेला माणूसही आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. ट्रायथलॉनच्या पोहण्यात मुराकामींचा श्वास इतका बिघडतो की त्यांना स्पर्धा सोडावी लागते. मॅरेथॉन धावलेला, जगप्रसिद्ध लेखक पाण्यात घाबरतो आणि तसं लिहितो. मग शिक्षक शोधून पोहणं पुन्हा शिकतो. शेवटच्या प्रकरणात पुन्हा स्पर्धेला उतरतो तर चष्मा धूसर होतो, कारण अंगाला लावलेलं व्हॅसलिन बोटांना तसंच राहिलेलं. एका वाचकासाठी या व्हॅसलिनची किंमत दहा सुविचारांहून जास्त आहे. मी ते प्रकरण स्पर्धेच्या आधी वाचलं होतं. त्या सकाळी बोटं टॉवेलला दोनदा पुसली. तरी रिपोर्ट लिहिताना मी अनुकरण केलं ते सुविचारांचं.

माझ्या ऑफिसात असं चाललं नसतं. रात्री सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही इन्सिडेंट रिपोर्ट लिहितो. किती वाजता काय बिघडलं, कुणाला कधी कळलं, कशामुळे सावरलं. त्यात 'टीमची जिद्द' लिहिलं तर मॅनेजर ते खोडून विचारेल की बॅकअप कुठून आला. दोष कुणावर ढकलायचा नसतो, पण आधार कशाने दिला हे लिहावंच लागतं, कारण पुढच्या वेळी दुसरा कुणीतरी त्या कागदाच्या भरवशावर काम करणार असतो. रेस रिपोर्टही कुणीतरी भरवसा ठेवून वाचतं. हे मला उशिरा कळलं.

पोस्टनंतर आठवड्याभराने नागोठण्याच्या मावसभावाचा मेसेज आला. वय १९. "ताई, भीती फक्त डोक्यात असते हे एक नंबर लिहिलंस. मी पण सुरू केलंय, नदीच्या डोहात. एकटाच जातो सकाळी."

अंबा जांभूळपाड्यावरून येते, पालीजवळून जाते, नागोठण्यावरून पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. मेसेज वाचून मी लॅपटॉप मिटला आणि त्याला फोन लावला.

भीती फक्त डोक्यात नसते. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनच्या १९८५ ते २०१६ या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १२० घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. हे स्पर्धेतलं पाणी, जिथे कायक असतात, जीवरक्षक असतात, डॉक्टर असतो. डोहात यातलं काहीच नसतं. मी त्याला म्हटलं, धरमतर ते गेटवे पोहणाऱ्यांकडे बघ. तुझ्याच नदीचं पाणी ज्या खाडीला मिळतं तिथून पस्तीसेक किलोमीटर पोहत ते मुंबई गाठतात, आणि तेही सोबत होडी असल्याशिवाय उतरत नाहीत. तो म्हणाला, "पण तू तर एकटी पोहलीस ना?"

माझ्या दोन वाक्यांमधून त्याने हेच वाचलं होतं आणि त्याचं वाचन चूक नव्हतं. मजकूर तेच सांगत होता.

याचा अर्थ रेस रिपोर्ट लिहू नयेत असा नाही. मी स्वतः तसलेच वाचून पाण्यात उतरले. 'हे मलाही जमेल' एवढं एखाद्याला वाटायला लावणं ही लहान गोष्ट नाही, विशेषतः ज्या घरात पाण्याचं नाव काढलं की आवाज चढतो तिथे. कुणी म्हणेल, दोनशे शब्दांच्या पोस्टकडून किती अपेक्षा करायची? पण माझ्या पोस्टमध्ये उद्गारचिन्हं अकरा होती. जागा होती. मी ती कशाला दिली एवढाच मुद्दा आहे. स्प्रिंट ट्रायथलॉनला मराठीत स्वतःचं लिखाण मिळायचं असेल तर ते बहुधा या लहान, न शोभणाऱ्या गोष्टींतून येईल: फीचे पैसे कुठून आले, पहाटेच्या बॅचला जाताना ऑफिसचा कॉल कुणी घेतला, सायकल कुणाची होती, पाण्यात काय धरलं. माझी सायकल रूममेटची होती. तेही मी लिहिलं नव्हतं.

भाऊ डोहात जायचा थांबला आहे, निदान तसं सांगतो. पुढच्या महिन्यात पुण्याला येऊन पूलवर शिकणार आहे. मी जुनी पोस्ट काढून नवी लिहिली. त्यातला पोहण्याचा भाग असा: "पोहणं २६ मिनिटं. साधारण तीनशे मीटरवर चष्म्यात पाणी गेलं, घाबरले, श्वास लागला. कायकवरच्या मुलाला हात केला. दीड-दोन मिनिटं कायक धरून थांबले. मग उरलेलं पोहले." लाइक पहिलीच्या निम्मे आले. दोघींनी मात्र इनबॉक्समध्ये विचारलं की कायक खरंच धरता येते का.

ही पोस्ट मी आईला स्वतः पाठवली. तिचा फोन रात्री आला. बराच वेळ ती दुसरंच बोलत राहिली, माघी जत्रेचं, मावशीच्या गुडघ्याचं. मग म्हणाली, "वाचलं. आमचा वासा गोंद्या सुताराने घातलेला होता. नंतर जाऊन सांगितलं मी त्याला."

मी काही बोलले नाही.

"त्या होडीवाल्या मुलाचं नाव काय?"

मी विचारलंच नव्हतं.