सॉनी रॉलिन्स : पुलावरील मौन

कलावंताच्या चरित्रातील एखादी गोष्ट कधीकधी इतकी मनोहर असते की, तिच्या नादात त्याची कला ऐकावयाची राहून जाते. अमेरिकेतील सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांच्या वाट्यास हे दुर्दैव आले आहे. कीर्ती ऐन भरात असता ज्याने रंगमंच सोडला आणि दोन वर्षे एका पुलावर उभे राहून रियाज केला, तो पुरुष आमच्या वाचकांस तत्काळ आवडावा यात नवल नाही. विरक्तीच्या कथेला आपल्याकडे श्रोत्यांची वाण कधीच पडत नाही. परंतु त्या पुलावर तो काय शोधीत होता आणि त्यास काय गवसले, हा खरा टीकेचा प्रश्न होय. आणि तोच सहसा विचारला जात नाही.

रॉलिन्स यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. आईबाप कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांकडचे. आईच्या तोंडून ऐकलेली तिकडची एक चाल पुढे ‘सेंट थॉमस’ या नावाने जगभर गाजली. कोलमन हॉकिन्स आणि चार्ली पार्कर हे त्यांचे आदर्श. पार्करच्या पिढीस ग्रासणाऱ्या मादक द्रव्याच्या व्यसनाने मात्र यांनाही सोडले नाही. त्यापायी तुरुंगवास घडला, आणि १९५५ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात राहून त्यांनी ते व्यसन सोडले. त्यानंतर क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या वादकसंचात ते आले. तरुण ब्राउनचे निर्मळ आचरण हा त्यांस मोठा धडा होता. २२ जून १९५६ रोजी ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली, आणि पुढच्या चारच दिवसांत ब्राउन मोटार अपघातात मरण पावला.

या ध्वनिमुद्रिकेतील ‘ब्लू सेव्हन’ हे वादन अकरा मिनिटांचे आहे. सांगाडा बारा मात्रागटांच्या साध्या ब्लूजचा. मूळ चाल तर दोनचार स्वरांची, आणि तीही कोणत्या स्वराला षड्ज मानावे याविषयी संभ्रमात ठेवणारी. रॉलिन्स त्या लहानशा तुकड्यास सोडीत नाहीत. तो उलटतात, ताणतात, मध्येच गिळून टाकतात, आणि ऐकणाऱ्यास त्याचा विसर पडतो न पडतो तोच पुन्हा समोर ठेवतात. आमच्या ख्यालगायनातील बढत ऐकून तयार झालेल्या कानास ही रीत परकी वाटणार नाही. तथापि, या साम्यावरून जॅझ म्हणजे आपलाच राग असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तेथे पायाशी स्वरसंवादांची बदलती साखळी आहे, आपल्याकडे अचल षड्ज. साम्य आहे ते विचाराच्या शिस्तीत.

या वादनावर गुंथर शुलर यांनी १९५८ साली एक दीर्घ चिकित्सा लिहिली आणि त्यातील अंतर्गत एकसूत्रता स्वरागणिक दाखवून दिली. लेख विद्वत्तेचा, स्तुतीही मनापासूनची. परंतु तो वाचल्यावर वाजविताना आपणास संकोच होऊ लागला, असे पुढे रॉलिन्स यांनीच सांगितले आहे. आम्हां टीकाकारांस ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. निंदेने कलावंत खचतो हे आपण जाणतो. पण अचूक स्तुतीनेही त्याचा हात अवघडतो, हे आपण ध्यानात घेत नाही.

१९५९ च्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीर वादन थांबविले. आपली कीर्ती आपल्या वादनाच्या पुढे धावत आहे, ही त्यांची खंत होती. घरी वाजवावे तर शेजाऱ्यांस उपद्रव. म्हणून ईस्ट नदीवरील विल्यम्सबर्ग पूल त्यांनी जवळ केला. खाली आगबोटी, शेजारून आगगाड्या, आणि त्या गदारोळात उन्हापावसात तासन् तास चाललेला रियाज! १९६१ च्या अखेरीस ते परतले व पुढील वर्षी ‘द ब्रिज’ ही ध्वनिमुद्रिका निघाली.

अनेक समीक्षकांची निराशा झाली. दरम्यान ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेन यांनी नव्या वाटा पाडल्या होत्या. रॉलिन्सही पुलावरून काही क्रांती घेऊन उतरतील अशी अपेक्षा होती. त्याऐवजी ऐकू आले ते जुन्याच शैलीचे वादन. आमच्या मते हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. रॉलिन्स शैली बदलावयास गेले नव्हते. शैलीवर स्वामित्व मिळवावयास गेले होते. जिम हॉल यांच्या गिटारच्या साथीने त्यांनी येथे जी मोकळी जागा राखली आहे, ती घाबरलेल्या वादकास राखता येत नाही. त्याच वर्षी जुलैत, कोलमनच्या सहकाऱ्यांसमवेत, त्यांनी स्वतःचीच ‘ओलिओ’ ही रचना पंचवीस मिनिटांहून अधिक काळ वाजविली आणि तिची मोडतोड करून ती पुन्हा उभारली. पुलाचे फळ पाहावयाचे तर तेथे पाहावे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईनजीक पवई येथे स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिले. स्वस्थ बसून ध्यान साधेना, तेव्हा तुमचे वादन हेच तुमचे ध्यान असे त्यांस सांगण्यात आले, ही हकिकत त्यांनीच कथन केली आहे. ज्यास पूल पुरेसा होता त्यास आश्रमाने पुन्हा वाद्याकडेच पाठवावे, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

दोष नाहीत असे नाही. १९७० नंतरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत साथ पुष्कळदा जड व सामान्य आहे; त्यांचे उत्तम वादन श्रोत्यांसमोरच होत असे. ११ सप्टेंबर २००१ च्या उत्पातात, जागतिक व्यापार केंद्रापासून जवळच असलेले आपले घर त्यांस सोडावे लागले. बरोबर घेतला तो सॅक्सोफोन. चारच दिवसांनी बोस्टन येथे ते वाजविण्यास उभे राहिले. पुढे फुप्फुसांच्या विकाराने २०१२ नंतर त्यांचे जाहीर वादन बंद पडले. पहिले मौन त्यांनी स्वीकारले होते, हे दुसरे लादले गेले. या दोन मौनांच्या मध्ये जे वाजले, तेच त्यांचे चरित्र होय. वाचकांनी पुलाची गोष्ट सांगावी, अवश्य सांगावी. पण आधी ‘ब्लू सेव्हन’ची अकरा मिनिटे ऐकावीत.