झांकलेलें पारडें

परराष्ट्रास मदत देतांना 'आपल्या प्रजेचा छळ करूं नका' अशी अट घालावी काय. आणि तें राष्ट्र आपल्या संरक्षणाच्या फळींतील मित्र असेल, तर ती अट कितपत सैल करावी? या प्रश्नाची चर्चा बहुधा तात्त्विक भाषेंत होते. प्रिन्स्टन विद्यापीठांतील प्राध्यापक गॅरी बॅस यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द ब्लड टेलिग्राम' या ग्रंथांत तो प्रश्न १९७१ च्या ढाक्क्यांत आणून उभा केला आहे. ग्रंथ नवा नाहीं. तरी तो सुशिक्षित कुटुंबांत वाचला जावा असें आम्हांस वाटतें.

'ब्लड' हें येथें एका मनुष्याचें आडनांव आहे. आर्चर ब्लड हे ढाक्क्यास अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. २५ मार्च १९७१ च्या रात्रीं पाकिस्तानी लष्करानें तेथें कत्तल आरंभिली, आणि ६ एप्रिल रोजीं ढाक्क्यांतील वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनीं आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला धाडली. ब्लड यांनीं तिला दुजोरा दिला. त्याचें फळ म्हणून त्यांस ढाक्का सोडावें लागलें.

अमेरिकेच्या हातीं उपाय नव्हता असें नाहीं. १९५४ च्या करारापासून ती पाकिस्तानास शस्त्रें पुरवीत आली होती. कम्युनिझमच्या प्रतिकारार्थ दिलेलीं हीं आयुधें बंगाली प्रजेवर चालविलीं गेलीं. तरीही याह्याखानांवर तूर्त दडपण आणूं नये, असा शेरा अध्यक्ष निक्सन यांनीं एप्रिलअखेर स्वहस्तें लिहिला. कारण चीनशीं चाललेलीं गुप्त बोलणीं याह्याखानांच्या मार्फत होत होतीं.

अध्यक्षांच्या दालनांतील ध्वनिमुद्रित संभाषणें व दिल्लींतील सरकारी कागदपत्रें यांचा ग्रंथकारांनीं कसून उपयोग केला आहे. भारत सरकारचे हेतूही निर्भेळ नव्हते, हें ते लपवीत नाहींत. आमची तक्रार निराळीच आहे. निक्सन व किसिंजर यांचे द्वेष आणि त्यांची असभ्य भाषा यांवर ते इतका भर देतात कीं, सारा अनर्थ दोन माणसांच्या स्वभावांतून उद्भवला असें वाचकास वाटावें. तसें असतें तर माणसें बदलतांच रोग बरा झाला असता.

आमच्या मतें रोगाचें मूळ, तोलणें ज्या रीतीनें झालें तींत आहे. चीनशीं सख्य हें लहान कार्य नव्हतें. त्यासाठीं थोडा काळ मौन धरणें क्षम्य होतें, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्यास दुष्ट म्हणणार नाहीं. परंतु ढाक्क्याच्या अधिकाऱ्यांस या बोलण्यांची गंधवार्ताही नव्हती. एक पारडें झांकून ठेवलें असतां तोल पाहणार कोण? शिवाय जुलैमध्यें किसिंजर पाकिस्तानांतून गुप्तपणें पेकिंगला जाऊन आले, १५ जुलैस बातमी जाहीर झाली, आणि मध्यस्थाची गरज सरली. तरी शस्त्रांचा उरलासुरला ओघ नोव्हेंबरपर्यंत थांबला नाहीं, आणि डिसेंबरांत तर अमेरिकन आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालें. तोंवर सुमारें एक कोटि निर्वासित भारतांत आले होते. कारण संपलें, पण अपवाद चालूच राहिला. ग्रंथांतील आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटलेली गोष्ट ती हीच.

पुढें १९७६ सालीं अमेरिकन काँग्रेसनें मानवी हक्कांची सतत घोर पायमल्ली करणाऱ्या सरकारांस लष्करी मदत देऊं नये असा कायदा केला; परंतु असाधारण परिस्थितीची पळवाट त्यांतच ठेवली. इजिप्तला अमेरिका वर्षाकांठीं १३० कोटि डॉलरांची लष्करी मदत देत आली आहे, व तिच्या कांहीं भागास अशाच अटी जोडलेल्या असतात. सप्टेंबर २०२४ मध्यें राष्ट्रहिताच्या नांवाखालीं त्या अटींच्या मोठ्या भागास सूट देऊन पुरी रक्कम मोकळी करण्यांत आली. सूट देणें केव्हां केव्हां प्राप्तच असतें; पण तिचें कारण उघड असावें, तिला मुदत असावी, आणि मुदत संपतांच तें कारण पुन्हा सिद्ध करण्याचा भार सूट देणारावर असावा. एवढें नसेल तर अट ही केवळ शोभेची वस्तु होय.

हा ग्रंथ वाचतांना भारतीय वाचकास एक प्रकारचें समाधान वाटण्याचा संभव आहे. तें त्यानें जपून अनुभवावें. २०१७ सालीं म्यानमारच्या लष्करानें सात लाखांहून अधिक रोहिंग्यांस बांगलादेशांत पिटाळलें. २०२० सालीं भारतानें त्याच देशाच्या नौदलास 'सिंधुवीर' ही पाणबुडी दिली. शेजारीं चीनचें वजन फार वाढूं नये ही चिंता खोटी नव्हती, आणि त्या वेळीं तेथें लोकनियुक्त सरकारही होतें. पण १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें तें उलथून टाकलें. ती देणगी देतांना कोणती अट घातली होती, असा प्रश्न आपल्याकडील किती घरांत विचारला गेला? ढाक्क्याच्या वीस अधिकाऱ्यांनीं तो आपल्या सरकारला विचारला होता, आणि त्यांच्या चाकऱ्या त्याच सरकारच्या हातांत होत्या.